अठ्ठावीस ते एकशे पाच

बाळकुम नाक्यावरून आत, जिथे रिक्षावाला वळायला नाही म्हणतो
त्या गल्लीत हिराजी वैतींचा फोटो स्टुडिओ.
आता तिथे झेरॉक्स आणि आधारकार्डाचं लॅमिनेशन.
लेन्स काउंटरखाली बिस्किटाच्या डब्यात,
तांदळात पुरून ठेवलेली.
चार हजार म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत
स्वतःच साडेतीन म्हणाले,
मग ती पुन्हा एकदा हातात घेतली
आणि पुन्हा चार.

दोष आधी सांगितले,
लग्न जमवताना कुणी सांगत नाही इतक्या सरळ :
मागच्या काचेला कडेशी बुरशीचा एक धागा,
फोटोत येत नाही, फक्त सूर्य समोर घेऊ नकोस.
खाली रोखलीस की नळी आपल्याच वजनाने घसरते,
म्हणून ही सायकलच्या ट्यूबची चकती.
आणि आवाज करते.

करते. घर्र, टक्.
येऊरच्या वाटेवर त्या आवाजाने सरड्याने मान वळवली
आणि नेमका तेव्हाच फोकस लागला.
दिवेलागणीला मात्र गडबडते.
पुढे जाते, मागे येते, परत पुढे,
अंधारात कुलपाचं भोक चाचपणाऱ्या किल्लीसारखी.
मग तिला एखादी कड द्यायची :
विजेचा खांब, दाराची चौकट, शर्टाची कॉलर.
कोऱ्या भिंतीवर तिला काही सापडत नाही.
मलाही.

भाजी आणायला जाताना गळ्यात असते.
कोलशेतच्या खाडीवर, बसस्टॉपवर,
चौथ्या मजल्यावर वाळत घातलेल्या निळ्या चादरीकडे.
बिदरला नेली तेव्हाही तीच एक.
शर्वाणीच्या बॅगेत तीन लेन्स होत्या,
ती बदलत राहिली, मी पावलं बदलत राहिले.
कारागीर धातूत चांदीची तार ठोकत होता.
म्हणाला, किल्ल्यातली माती चोळली
की बाकी सगळं काळं पडतं, चांदी तेवढी राहते.
तो फोटो बरा आलाय.

वैतींना तोच आधी दाखवला.
त्यांनी कारागिराकडे पाहिलंच नाही.
बोट स्क्रीनच्या कडेने फिरवत म्हणाले,
‘कोपरं कं गेली गो?’

मी समजावलं. तुमचा रोल मोठा होता,
माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान.
लेन्स अख्खा गोल आत टाकते,
हा मधला तुकडा उचलतो.
अठ्ठावीसचे बेचाळीस होतात.
‘आन बाकीचा उजेड?’
आतल्या काळ्या भिंतीवर पडतो, म्हटलं.

बराच वेळ ते लॅमिनेशनचं मशीन पुसत होते.
मग म्हणाले, कडेची माणसं जरा ताणली जायची,
म्हणून तिथे जावई उभे करायचो.
मामी मधोमध.
कुणाची कधी तक्रार नाही.
आणि एक बाई यायची, प्रत्येक हळदीला,
ग्रुप घेताना डाव्या कोपऱ्यात येऊन उभी.
मुलाकडचे म्हणायचे मुलीकडची,
मुलीकडचे म्हणायचे मुलाकडची.
अकरा अल्बमांत आहे.
नाव विचारायचं राहिलं.

त्यांच्या पुतणीच्या हळदीला मला बोलावलं.
गल्ली आठ फूट, मांडव सात,
डीजेच्या ठोक्यांनी काचेवरची हळद थरथरतेय.
सगळे मावेनात. मी एक पाऊल मागे,
अजून एक,
पाठ कुणाच्या तरी ओल्या चुन्याच्या भिंतीला टेकली.
घर्र. घर्र. नवरीच्या नथीवर टक्.
कोपऱ्यांतले जावई तरीही सुटले.

दुसऱ्या दिवशी वैतींनी मोबाइलवर एक फोटो पाठवला,
सोबत अक्षर नाही.
कुणीतरी पलीकडच्या गच्चीवरून काढलेला.
अख्खा मांडव, सगळी मंडळी, पिवळीधमक,
आणि अगदी डाव्या कडेला
अर्धवट कापलेला एक कोपर
आणि सायकलच्या ट्यूबची चकती.